नकाशाची साक्ष

खरेदीखताच्या अखेरीस चतुःसीमा लिहिण्याची आपल्याकडे फार जुनी चाल आहे. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला, उत्तरेस गावरस्ता, दक्षिणेस तमक्याची बखळ. वकिली करणाऱ्याच्या हे इतके अंगवळणी पडलेले असते की, या चार ओळींत काही तत्त्वविचार दडलेला असू शकेल अशी शंकाही त्याला येत नाही. परंतु थोडे थांबून पाहिले तर ध्यानात येते की, त्यांत जमिनीचे स्वतःचे वर्णन एका अक्षरानेही केलेले नसते. ती कोणाच्या शेजारी आहे एवढेच त्या सांगतात. आणि तरीही, क्षेत्रफळाचा आकडा व चतुःसीमा यांत विरोध आला, तर न्यायालये सामान्यतः चतुःसीमेच्याच बाजूने झुकतात. मोजणारा चुकतो, शेजारी सहसा चुकत नाही.

स्थळ म्हणजे संबंध, की स्थळ म्हणजे आकडा? हा प्रश्न पूर्वी पंडितांनी वादासाठी वाद म्हणून घ्यावा असा होता. आता तो व्यवहारात उतरला आहे, आणि त्याला कारण झाले आहे संगणकावरील नकाशाचे सॉफ्टवेअर. क्यूजीआयएस नावाचे असे एक सॉफ्टवेअर २००२ साली सुरू झाले. ते विनामूल्य असल्यामुळे विद्यापीठातील प्राध्यापकाप्रमाणेच घरी बसून अभ्यास करणारा हौशी माणूसही ते वापरू शकतो. त्याची रीत थोडक्यात अशी. जुने हस्तलिखित वाचावयाचे, त्यातील स्थळनामे वेचून त्यांचा तक्ता करावयाचा, प्रत्येक नावापुढे अक्षांश-रेखांश भरावयाचे. की लगेच पडद्यावरील नकाशावर ठिपके उमटतात. हाताने काढलेला जुना नकाशा हाती असेल तर त्यावरील ओळखीची काही ठिकाणे (एखादा किल्ला, नद्यांचा संगम, वेशीचा दरवाजा) आजच्या नकाशावरील त्याच ठिकाणांशी टाचावयाची. मग सॉफ्टवेअर उरलेला सगळा कागद ताणून, वाकवून जागच्या जागी बसवते, आणि टाचलेले प्रत्येक ठिकाण किती अंतराने चुकले त्याचा हिशेबही पुढे ठेवते. हा शेवटचा गुण मला विशेष वाटतो. यंत्र आपली चूक आपणहून सांगते. ती झाकण्याचे काम पुढे माणूस करतो.

बुऱ्हाणपुरात राहणाऱ्या माणसाला स्थळनामांचे लहरीपण निराळे शिकवावे लागत नाही. आमच्या शहरात इतवारा आहे, शनवारा आहे, बुधवारा आहे. बाजाराचा वार निघून जातो, नाव राहते. येथील जुम्मा मशिदीत आदिलशाह फारुकीच्या काळचा एक संस्कृत शिलालेख आहे. संवत् १६४६, शके १५११ असा काळ देऊन त्यात तिथी, घटी, नक्षत्र यांचाही तपशील कोरलेला आहे. मशिदीत संस्कृत लेख पाहून बाहेरगावचे पाहुणे चकित होतात. मला त्याहून निराळ्या गोष्टीचे कौतुक वाटते. काळाच्या बाबतीत घटिकेपर्यंत काटेकोर असलेल्या त्या लेखाला स्थळ पटवून देण्याची गरज नाही. दगड जेथे बसवला आहे तेथेच तो उभा आहे, आणि त्याचे उभे असणे हीच त्याच्या स्थळाची साक्ष. कागदाचे तसे नाही. कागद प्रवास करतो, दप्तरातून दप्तरात जातो, त्याची नक्कल होते, नकलेचीही नक्कल होते. म्हणून कागदाला स्थळ शब्दांनी सांगावे लागते, आणि शब्द आले की संशय आला.

याच शहरात १६४९ साली जन्मलेल्या भीमसेन सक्सेनाने औरंगजेबाच्या दक्षिणेतील मोहिमांचा वृत्तांत फारसीत लिहून ठेवला. त्या ‘दिल्कुशा’ ग्रंथातील मुक्काम कोणी नकाशावर मांडू लागला, की त्याच्या अडचणी तेथूनच सुरू होतात. घाईने लिहिलेल्या फारसी अक्षरात नुक्ते गळतात, आणि नुक्ता गळाला की ‘ब’चा ‘प’ नि ‘प’चा ‘त’ होण्यास वेळ लागत नाही. मोडीची गतही फारशी निराळी नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती क्वचितच पाळते, आणि लेखणी न उचलता लिहिण्याच्या ओघात शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. इतके करून नाव नीट लागले, ते ‘पिंपळगाव’ असे लागले, असे समजा. खानदेश-वऱ्हाडात पिंपळगावे किती, बोरगावे किती, सावरगावे किती! सॉफ्टवेअर त्या सर्वांची यादी क्षणात पुढे ठेवील. त्यातून एक निवडावयाचे आहे. मागच्या मुक्कामापासून जवळचे म्हणून अभ्यासक एक निवडतो. निवड बहुधा बरोबरही असेल. परंतु नकाशावर जो ठिपका उमटतो त्यावर ‘बहुधा’ हा शब्द कोठेही लिहिलेला नसतो.

येथवर विषय विद्वानांच्या घरचा आहे, आणि एखादे पिंपळगाव दहा कोस इकडेतिकडे झाले म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. परंतु या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांची कुलदैवते गोव्यातील आहेत, आणि तेथे हाच प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा होतो.

मंगेश कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. तो १५६० च्या सुमारास नदी ओलांडून प्रियोळास गेला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली, म्हाळसा वेरण्याहून म्हार्दोळास, रामनाथ लोटलीहून बांदिवड्यास. ही नावे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ती नुसती यादी म्हणून ऐकणे आणि नकाशावर पाहणे यांत केवढे अंतर आहे, हे ज्याने पाहिले त्यालाच कळेल. पडद्यावर जुन्या गावापासून नव्या गावापर्यंत रेषा ओढल्या की, त्या सगळ्या जुवारी नदी ओलांडून अंत्रुज महालात, एकमेकींपासून थोड्याच अंतरावर जाऊन टेकतात. पोर्तुगीज सत्तेची हद्द जेथे संपत होती त्याच्या लगोलग पलीकडे, त्या वेळच्या आदिलशाही मुलखात. लोक फार दूर गेले नाहीत. घर, शेत, आप्त नदीच्या अलीकडे ठेवून देव तेवढा पैलतीरी ठेवला, आणि जाऊन-येऊन पाहता येईल असा ठेवला. हे कोणत्याही बखरीत इतके स्पष्ट लिहिलेले मला आढळले नाही. नकाशा ते एका दृष्टिक्षेपात सांगतो. या साधनाचे ऋण मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

मग संशय कोठे येतो? तो नदीच्या अलीकडच्या टोकाशी येतो. सासष्टीतील देवळे १५६७ साली पाडण्यात आली, आणि त्याच सुमारास देवळांच्या जमिनींची मोठी नोंद करण्यात आली. तिला ‘फोराल’ म्हणतात. कोणत्या गावी कोणते देऊळ, त्याच्या जमिनी कोणत्या, सेवेकऱ्यांच्या वाट्याला काय, हे गावकारांकडून वदवून पोर्तुगीज लेखनिकांनी लिहून घेतले. हेतू उघड होता. ते उत्पन्न चर्चच्या व्यवस्थेकडे वळवावयाचे होते. जप्तीचा पंचनामा हाच आज आपल्या देवळांचा सर्वांत तपशीलवार दाखला ठरावा, यात दैवाचा काही विनोद आहे खरा. इंग्लंडातही १०८६ साली विजेत्या विल्यम राजाने करवसुलीसाठी जी नोंदवही करविली, तिच्यातील तेरा हजारांवर गावे आता नकाशावर पाहावयास मिळतात, आणि इंग्रज तिला अभिमानाने आपला वारसा म्हणतात. आपल्याकडे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५२ साली फ्रान्सिस्कु पाइश याने १५९५ मध्ये सिद्ध केलेला तोंब, म्हणजे जमिनींची नोंदवही, संपादून प्रसिद्ध केला. असल्या कागदांतून जप्तीखेरीज दुसरेही काही वाचता येते, हे त्यांच्या पिढीने दाखवून दिले.

तथापि वकील या नात्याने या कागदाची उलटतपासणी करणे मला प्राप्त आहे. मृत माणसाने स्वतःच्या मालकीच्या हिताविरुद्ध केलेले कथन कायदा विश्वसनीय मानतो. कारण आपले नुकसान व्हावे म्हणून कोणी खोटे बोलत नाही. गावकारांनी सांगितलेल्या जमिनींना हे लागू आहे. परंतु न सांगितलेल्या जमिनींचे काय? ज्याला गमवावयाचे आहे तो सगळेच सांगेल काय? एखादे शेत, एखादे लहानसे देवस्थान त्याने गिळले नसेलच असे कोण म्हणेल? तेव्हा या कागदाचे बोलणे पुरावा आहे, पण त्याचे मौन पुरावा नाही. नकाशावर मात्र मौनाची जागा रिकामी दिसते, आणि रिकाम्या जागेचा अर्थ ‘येथे काही नव्हते’ असाच पाहणारा करतो.

दुसरी अडचण नावांची. कोंकणी नाव, ते ऐकणारा पोर्तुगीज कान, आणि ते लिहिणारी रोमी अक्षरे. ‘श’च्या जागी एक्स, आणि अनुनासिकाच्या जागी शेवटी एम. केळशीचे ‘केलोशिम’ झाले, रायतूरचे ‘राशोल’. तिसरी अडचण सीमांची. त्या काळच्या सासष्टीत, म्हणजे सहासष्ट गावांच्या महालात, आजचा मुरगाव तालुकाही येत असे. आजच्या सासष्टी तालुक्याच्या यादीत संगणकाला कुशस्थळी शोधावयास सांगा. तो विनम्रपणे सांगेल की असे गाव नाही.

या सगळ्यांतून पार पडले तरी खरी गोम पुढेच आहे. नोंदीत पुष्कळदा एवढेच असते की अमुक गावी अमुक देवाचे देऊळ होते. शेतांची नावे येतात, पण ती नावे आज कोणाच्या तोंडी उरलेली नसतात. इंदूरला नोकरी करणारा आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा सुट्टीच्या दिवसांत हाच उद्योग करीत असतो. छापील यादी घेऊन त्याने एकेका देवळाचा ठिपका सासष्टीच्या नकाशावर बसविला होता. काम नेटके होते. मी एका ठिपक्यावर बोट ठेवून विचारले, “हे देऊळ बरोबर येथेच होते हे कशावरून?”

“तसे नाही, काका. गावाचे नाव तेवढे मिळाले. मग गावाचा मध्यबिंदू घेतला. ठिपका ठेवायचा म्हटला की कोठे तरी ठेवावाच लागतो.”

त्याने तो ठिपका मोठा करून दाखविला. उपग्रहाच्या चित्रात तो एका कौलारू घराच्या छपरावर पडलेला होता. खाली आकडे होते, दशांशचिन्हापुढे सहा स्थळांपर्यंत. अक्षांशाचा पाचवा दशांश म्हणजे जमिनीवर सुमारे एक मीटर. सहावा म्हणजे वीतभरापेक्षाही कमी. कागद म्हणतो ‘या गावात’, आणि नकाशा म्हणतो ‘या कौलाखाली’. मधले अंतर कोणी भरून काढले? कोणीच नाही. ते खोटे कोणी बोललेले नाही, तरी ते बोलले गेले आहे. त्या घरातील माणसांना आपल्या छपरावर साडेचारशे वर्षांपूर्वीचा एक आरोप येऊन बसला आहे याची गंधवार्ताही नसावी.

मला वाटते, या विषयातील नैतिक प्रश्न येथे आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात नकाशांविषयी एक सूत्र होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. सरकारी अधिकाराने केलेला नकाशा अचूक आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे. परंतु एखाद्या दाव्यासाठी केलेला नकाशा अचूक आहे हे सिद्ध करावे लागेल. कायदा नकाशाला दोन चेहरे असल्याचे ओळखतो. अभ्यासासाठी केलेला नकाशा मात्र या दोहोंच्या मध्ये कोठे तरी उभा असतो. करणाऱ्याच्या मनात दावा नसतो, म्हणून तो सिद्धीची चिंता करीत नाही. आणि पडद्यावरचे त्याचे रूप सरकारी नकाशासारखेच रेखीव असते, म्हणून पाहणारा त्याला अचूक गृहीत धरतो. आज अभ्यासासाठी ठेवलेला ठिपका उद्या कोणी दाव्याला जोडील, आणि त्या वेळी ‘गावाचा मध्यबिंदू घेतला होता’ हे सांगावयास तो मुलगा तेथे हजर नसेल. आपल्या देशात जमिनीवरून आणि देवस्थानांवरून काय काय घडते, हे वाचकांना मी सांगावयास नको.

याला दोन बाजूंनी आक्षेप येतात. काही सज्जन म्हणतील, एवढी भीती असेल तर असले नकाशे करूच नयेत. झाकली मूठ बरी. मला हे मान्य नाही. देवळे होती, ती पाडली गेली, माणसे रात्रीबेरात्री देव घेऊन होडीत बसली. हे घडले आहे. घडलेले नकाशावरून पुसणे हीसुद्धा खोटी साक्षच आहे, आणि शांततेच्या नावाने दिलेली खोटी साक्ष काही सत्य होत नाही. दुसरे म्हणतील, श्रद्धेला नेमकी जागा लागते, संशयापुढे माथा टेकता येत नाही. या दुसऱ्या आक्षेपाला उत्तर आपल्याच पूर्वजांनी देऊन ठेवले आहे. त्यांनी जागा सोडली आणि देव नेला. कुशस्थळी सुटली म्हणून मंगेश मंगेश राहिला नाही असे एकालाही वाटले नाही; उलट प्रियोळातील त्या वाडीलाच मंगेशी हे नाव पडले. साडेचार शतके ज्या समाजाने दशांशचिन्हावाचून भक्ती केली, त्याला आता सहा दशांशांची निकड कशासाठी लागावी? भक्ताला ती लागत नाही. ज्याला लागते त्याने आपण कशासाठी मागतो आहोत हे आधी सांगावे.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण मराठीतच आहे, आणि मला ते अधिक शिकवून जाते. महानुभाव पंथात स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार वंदनीय; त्यांत स्थान पहिले. चक्रधरस्वामी जेथे राहिले, जेथे बसले, जेथे एक रात्र काढली, ती जागा त्यांच्या संबंधाने पवित्र झाली, ही त्यांची धारणा. देव गेला, जागा राहिली. गोव्यात घडले त्याच्या नेमके उलट. म्हणून या जागांची एक पोथीच तयार झाली, स्थानपोथी. ती चौदाव्या शतकातील मानली जाते, डॉ. वि. भि. कोलते यांनी ती संपादून अभ्यासकांच्या हाती दिली, आणि अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिच्यातील भूगोलाचा सूक्ष्म विचार केला आहे. अवस्थान कोणते, वसती कोणती, आसन कोणते हे भेद करीत, देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या कोनात काय आहे, असे ती पोथी गावोगाव सांगत जाते. नकाशा करणाऱ्याला याहून अनुकूल हस्तलिखित मिळणे कठीण. तरीही ती एकही आकडा देत नाही. सगळे शेजाराने सांगते. खरेदीखताच्या चतुःसीमेसारखे.

परंतु मला सांगावयाचे ते निराळेच. याच पंथाचा आद्य ग्रंथ लीळाचरित्र. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या कष्टाने आठवणी गोळा करून तो सिद्ध केला. पुढे खिलजी फौजांच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली आणि ज्यांना जे पाठ होते त्यावरून तो पुन्हा उभारण्यात आला, असे परंपरा सांगते. साहजिकच पाठ जुळेनात. कोणाच्या आठवणीत एक गाव, कोणाच्या आठवणीत दुसरे. अशा वेळी त्या लेखकांनी काय केले? एक निवडून बाकीचे टाकले नाहीत. अमक्याचे म्हणणे असे, तमक्याचे असे, म्हणून दोन्ही लिहून ठेवले, आणि या भिन्न आठवणींना त्यांनी नाव दिले ‘वासना’. ज्यांचा देवच त्या जागेत साठवलेला होता, ज्यांना नेमकेपणाची गरज आपल्यापेक्षा शतपट अधिक होती, त्यांनी संशय खोडला नाही. संशयाला पोथीत जागा दिली. श्रद्धा आणि सचोटी यांचे असे शेजार मला अन्यत्र फारसे आढळलेले नाही.

न्यायाधीशाला निकाल द्यावाच लागतो. ‘मला कळत नाही’ असे म्हणून त्याला दप्तर मिटता येत नाही, आणि म्हणूनच पुराव्याचा भार कोणावर, संशयाचा फायदा कोणाला, असे नियम त्याच्यासाठी करावे लागले. अभ्यासकावर ही सक्ती नाही. तो न्यायासनावर बसलेला नाही. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहे, आणि तेथे जेवढे पाहिले तेवढेच सांगणे हा शपथेचाच भाग आहे. सॉफ्टवेअर त्याला यात अडवीत नाही, हेही लक्षात घ्यावे. नकाशावर ठिपक्याप्रमाणे रेषा आणि क्षेत्रही काढता येते. कागदाला गावच ठाऊक असेल तर अख्खे गाव फिक्या रंगाने भरावे. शेताची सीमा लागली असेल तर तेवढेच शेत भरावे. आणि दगड, तळी, पाया असे काही जागेवर सापडले असेल तेथेच ठिपका द्यावा. दोन गावांविषयी शंका असेल तर दोन्ही रंगवावीत आणि कोणाच्या म्हणण्यावरून ते लिहावे. यात नकाशा थोडा धूसर होतो, पाहणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो. होऊ द्यावा.

हे सर्व मी त्या मुलाला सांगितले तेव्हा प्रारंभी तो थोडा नाराज झाला. तीन महिन्यांचे काम त्याने मोडावे असे माझे म्हणणे होते. मागील आठवड्यात त्याने नवा नकाशा पाठविला. पलीकडच्या तीरावर कवळे, म्हार्दोळ, बांदिवडे, मंगेशी हे ठिपके जसेच्या तसे आहेत, कारण तेथे देवळे आज उभी आहेत. अलीकडे मात्र गावेच्या गावे फिक्या पिवळ्या रंगाने भरलेली आहेत आणि रेषा कोणत्याही एका घरापासून न निघता त्या पिवळ्यातून कोठून तरी निघतात. तक्त्यात त्याने एक नवा रकाना वाढविला आहे आणि त्याच्या डोक्यावर ‘वासना’ असे लिहिले आहे. कुठ्ठाळीसमोर त्या रकान्यात चार ओळी आहेत, लोटलीसमोर दोन. बऱ्याच गावांसमोर अद्याप तो कोराच आहे.